पोलीस ॲक्शन : न मागितलेली माफी

बीड जिल्ह्यात एकाच घटनेला दोन नावे आहेत. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय फौजेने निजामी राजवट संपवली. शाळेच्या पुस्तकात ती मुक्तिसंग्रामाची अखेर आहे. आमच्या घरांतली वडीलधारी माणसे तिला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणत आणि पुढे गप्प बसत. दोन्ही नावे खरी आहेत. एका नावाचे लोक दुसरे नाव उच्चारत नाहीत, ही अडचण आहे.

आधी मुक्तिसंग्रामाविषयी, कारण तिथून आपण बऱ्याचदा घाईने पुढे सरकतो. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी हिंदूंची गावे लुटली, जाळली, माणसे मारली. बीदरकडच्या गोरट्याचे हत्याकांड मे १९४८ मधले. रझाकार म्हणजे स्वयंसेवक. पण मराठवाड्याच्या मराठीत ‘रझाकारी’ म्हणजे जुलूम. हा अर्थ कोणी कोशात बसून दिलेला नाही, त्यांच्या करणीने तो आला. त्यांच्याविरुद्ध लिहिणारा ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबुल्ला खान याला ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार करण्यात आले. आपल्या जलशांत, मुशायऱ्यांत त्याचे नाव किती वेळा निघते?

मग फौज आली आणि सूड सुरू झाला. ज्यांनी कधी रझाकारांचा गणवेश पाहिलाही नव्हता, असे विणकर, शेतमजूर, छोटे दुकानदार त्यात सापडले. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना सद्‌भावनेच्या कामगिरीवर पाठवले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते गावोगाव फिरले, सभा घेतल्या, समजूत घातली, आणि जे पाहिले ते लिहिले. त्यांचा सावध अंदाज असा : संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वांत मोठा मार उस्मानाबाद (आताचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५ हजार. काही ठिकाणी फौजेतल्या लोकांचाही हात होता, असे अहवाल सांगतो.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, आणि आमच्या मते ती आकड्यांइतकीच मोलाची आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान हमपेशा भावांना वाचवले, त्यासाठी स्वतःचा जीवही दिला. पळवलेल्या बायका परत मिळवायलाही अनेक हिंदूंनी मदत केली. मागाचे नाते धर्माच्या भांडणाला पुरून उरले.

हा अहवाल सरकारने छापला नाही. लोकांना तो कित्येक दशकांनंतर तुकड्यातुकड्यांनी वाचायला मिळाला. पूर्ण स्वरूपात ए. जी. नूरानी यांच्या २०१३ च्या पुस्तकात आला. मधल्या काळात निजाम १९५० मध्ये राजप्रमुख झाला. रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला. बादशहाची सोय झाली, सेनापतीची झाली. बीड-माजलगावच्या गल्लीतला माणूस मात्र जिथे होता तिथेच राहिला. त्याने लुटलेले घर पुन्हा उभे केले आणि आठवड्याच्या बाजारात त्याच गावकऱ्यांशी सौदा केला. लोक याला सलोखा म्हणतात. तो होताही; पण त्यात माफी कोणी मागितली नाही, म्हणून कोणाला ती देताही आली नाही. रझाकारांनी मारलेल्यांच्या घरीही कोणी गेले नाही.

दक्षिण आफ्रिकेत १९९६ पासून डेस्मंड टुटू यांच्या आयोगासमोर मारणारे आणि मार खाल्लेले एकाच दालनात बसले. संपूर्ण खरे सांगितले तरच गुन्हेगाराला माफी मिळू शके. तिथेही सगळ्यांचे समाधान झाले नाही. तरी मेलेल्यांची नावे सरकारी दप्तरात गेली. आपल्याकडे ती कबरस्तानातही धड नाहीत.

१९४८ साली दहा वर्षांचे असलेले आता पंच्याऐंशी ओलांडून गेले आहेत. गेवराई, पाटोदा, आंबेजोगाईकडे असे कोणी उरले असतील तर आपल्या तरुणांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे, मोहल्ल्यात आणि वेशीपलीकडेही. आणि सांगताना कोणी वाचवणाऱ्याचे नाव घेतले, तर ते सर्वांआधी लिहून घ्यावे.