स्थळ आणि हेतू : विवाहाधारित स्थलांतराच्या एका ब्रिटिश नियमाचे वाचन

१

‘स्थळ’ हा मराठी शब्द जागेचा वाचक आहे, तसाच तो विवाहयोग्य वधूवरांचाही आहे. ‘स्थळ सांगून आले’ असे म्हटले जाते तेव्हा व्यक्ती, घराणे, गाव, उत्पन्न आणि भावी वास्तव्य यांचा एकत्रच निर्देश होतो. यांपैकी प्रधान काय आणि गौण काय, हा प्रश्न ठरवून केलेल्या विवाहाच्या व्यवहारभाषेत सहसा उपस्थित होत नाही. १९८० ते १९९७ या काळात ब्रिटनच्या स्थलांतरविषयक नियमांनी नेमका हाच प्रश्न उपस्थित केला : विवाहाचा ‘प्रमुख हेतू’ व्यक्ती हा आहे, की स्थळ? या प्रश्नाच्या उत्तरावर भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश येथील असंख्य दांपत्यांचे एकत्र राहणे अवलंबून होते. हा इतिहास बहुधा कायद्याच्या अंगाने सांगितला जातो. परंतु तो एका वाचनपद्धतीचाही इतिहास आहे. येथे विवाह ही संहिता, अर्जदार हा निवेदक आणि प्रवेश-परवाना देणारा अधिकारी हा वाचक होता. या वाचकाच्या अर्थनिर्णयाला शासनाचा अधिकार लाभलेला होता, हे त्याचे वेगळेपण होय.

२

१९४८ च्या राष्ट्रीयत्व कायद्याच्या व्यवस्थेत राष्ट्रकुलातील नागरिकांना ब्रिटनमध्ये येऊन राहण्याची मुभा होती. १९६२ च्या कायद्याने ही मुभा नोकरीच्या परवान्याशी बांधली. मात्र तेथे स्थायिक झालेल्या पुरुषाच्या पत्नीचा आणि अल्पवयीन मुलांचा हक्क शाबूत ठेवला. श्रमाची वाट अरुंद झाली, तसा कुटुंबाच्या वाटेवरचा पहारा वाढत गेला. १९६९ पासून अवलंबितांना मायदेशातच प्रवेशपत्र घेणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी राष्ट्रकुलातून येणाऱ्या पतींवर निर्बंध आले. ते १९७४ मध्ये उठवले गेले. १९७७ मध्ये निव्वळ सोयीसाठी केलेल्या विवाहांविरुद्ध तरतूद झाली. १९८० च्या नियमांनी पती आणि नियोजित वर यांच्यासाठी दोन नव्या अटी घातल्या : वधूवरांची आधी भेट झालेली असावी आणि ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणे हा विवाहाचा प्रमुख हेतू नसावा. १९८३ मध्ये सिद्धतेचा भार पूर्णपणे अर्जदारावर टाकण्यात आला.

येथे एक भेद स्पष्ट करावयास हवा. खोट्या विवाहांना आळा घालण्याची तजवीज १९७७ मध्येच झालेली होती. १९८० च्या नियमाचा रोख खऱ्या विवाहांवर होता. पतिपत्नी म्हणून कायम एकत्र राहण्याचा इरादा आणि विवाहाचा प्रमुख हेतू या दोन स्वतंत्र कसोट्या आहेत, असे अपील न्यायालयाने १९८५ मध्ये मान्य केले. त्यामुळे विवाह खरा असूनही प्रवेश नाकारला जाणे शक्य झाले. पुरुष हा कमावता असतो, म्हणून परदेशी पती रोजगाराच्या बाजारात उतरेल आणि परदेशी पत्नी उतरणार नाही, हे या भेदभावाचे समर्थन होते.

३

एखादा हेतू नव्हता, हे सिद्ध करणे हे निवेदनाच्या दृष्टीने अवघड काम आहे. घडलेली गोष्ट सांगता येते. न घडलेल्या गोष्टीचे केवळ सूचन करता येते. मुलाखतीत विचारले जाणारे प्रश्न साधे दिसत. हे स्थळ कोणी सुचवले? ब्रिटनमध्ये राहण्याचे केव्हा ठरले? पत्नी इकडे का येत नाही? व्हिसा मिळाला नाही तर काय कराल? शेवटच्या प्रश्नाला निर्धोक उत्तर नव्हते. ‘तिला इकडे आणीन’ म्हणावे, तर मग आताच का आणत नाही, असा प्रतिप्रश्न संभवे. ‘पुन्हा अर्ज करीन’ म्हणावे, तर ब्रिटनचीच ओढ सिद्ध होई.

या प्रश्नांमागे विवाहकथेचा एक आदर्श आकृतिबंध गृहीत धरलेला होता : दोन व्यक्ती भेटतात, एकमेकांवर अनुरक्त होतात, विवाह करतात आणि मग कोठे राहावयाचे ते ठरवतात. हा युरोपीय कादंबरीतून रूढ झालेला क्रम होय. ठरवून केलेल्या विवाहात तो उलटा असतो. तेथे राहण्याचे ठिकाण प्रथम ठरते, अनुराग नंतर येणे अपेक्षित असते. एका वाङ्मयप्रकाराचे निकष दुसऱ्या प्रकारच्या कृतीला लावले असता ती सदोष ठरते, हा समीक्षेतला परिचित अनुभव आहे. येथे मात्र सदोष ठरलेल्या कृतीची किंमत वर्षानुवर्षांच्या ताटातुटीने मोजली जात होती.

४

अधिकारी भारतीय संकेतांविषयी अनभिज्ञ होते, असे मात्र म्हणता येणार नाही. उलट त्या संकेतांचा आधार घेऊनच नकार दिले गेले. भारतीय परंपरेत वधू वराच्या घरी जाते. हा वर वधूच्या देशी निघाला आहे. अर्थी त्याचा हेतू शंकास्पद आहे, असा युक्तिवाद केला जाई. ‘घरजावई’ या मराठी शब्दात या स्थितीविषयीचा उपहास अवश्य आहे. परंतु ज्या भाषेत असा शब्द आहे, त्या समाजात तशी प्रथाही आहे. शब्दातला उपहास घ्यावयाचा आणि प्रथेचे अस्तित्व नाकारावयाचे, हे निवडक वाचन झाले.

या वाचनाला शंभर वर्षांपूर्वीचा मुंबईतला एक पूर्वरंग आहे. रखमाबाईंचा विवाह अजाणत्या वयात झालेला होता आणि त्या पतीकडे नांदावयास गेलेल्या नव्हत्या. १८८४ मध्ये पतीने त्यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. अशा स्त्रीला बळाने पतीकडे धाडता येणार नाही, असा निर्णय न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये दिला. तो अपिलात टिकला नाही. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जावे अथवा सहा महिने कारावास भोगावा, असा आदेश दिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि पुढल्याच वर्षी रखमाबाई वैद्यकीच्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या. पत्नीची जागा पतीच्या घरी, हे तत्त्व तेव्हा एका स्त्रीला बळाने पाठवण्यासाठी वापरले गेले. १९८० नंतर तेच तत्त्व ब्रिटनमधील स्त्रियांच्या पतींना अडवण्यासाठी वापरले गेले. दोन्ही वेळी रूढीला लवचीकपणा नाकारण्यात आला. वादींना आणि समाजाला तिच्यात तडजोडीची जागा दिसत होती. अधिकृत वाचकाला दिसली नाही.

५

निवेदनावर विश्वास नसला की वाचक देहाकडे वळतो. २४ जानेवारी १९७९ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विवाहासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य-चाचणी करण्यात आली. नियोजित वधूला आगाऊ प्रवेशपत्राची आवश्यकता नसे, पत्नीला असे. म्हणून ती आधीच विवाहित असावी असा संशय घेतला गेला. अविवाहित भारतीय स्त्री कुमारीच असणार, या ठोकळेबाज समजुतीवर ही ‘परीक्षा’ आधारलेली होती. वृत्तपत्रात बातमी येताच ही प्रथा बंद करण्यात आली; परंतु असे प्रकार किमान ८० स्त्रियांच्या बाबतीत घडल्याचे २०११ मध्ये शासकीय कागदपत्रांतून उघडकीस आले.

न्यायालयांनी पुढे एक वाट काढली. विवाहानंतर दिसून आलेली परस्परनिष्ठा मूळ हेतूवर प्रकाश टाकू शकते, हे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील निकालांनी मान्य केले. त्यामुळे पत्रे, छायाचित्रे आणि भेटींचा तपशील यांना पुराव्याचे मोल आले. हा दिलासा खराच होता. पण त्याबरोबर पत्र या खाजगी लेखनप्रकाराला एक तिसरा वाचक मिळाला. पतीला लिहिलेले पत्र उद्या फायलीत लागणार आहे, हे ठाऊक असलेली स्त्री त्यात पैशाची चणचण, सासरची तक्रार, ब्रिटनमधल्या नोकरीची चौकशी लिहिणे टाळील, हे उघड आहे. म्हणजे संसाराचा आशयच त्यातून वगळला जातो आणि निष्ठेचे प्रदर्शन तेवढे उरते.

या निष्ठेची दुसरी बाजू प्रवेश मिळालेल्या स्त्रियांना भोगावी लागली. पहिल्या वर्षात विवाह मोडला, तर देशात राहण्याचा आधार जाई. मारझोड सोसणाऱ्या पत्नीपुढे पतीचे घर अथवा हद्दपारी एवढाच पर्याय उरे. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने याविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि १९९९ मध्ये अशा स्त्रियांसाठी सवलत मिळाली.

६

मे १९८५ मध्ये अब्दुलअझीझ, कबालेस आणि बालकंदली यांच्या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हे नियम लिंगभेद करणारे ठरवले. शासनाने समानता आणली, ती पतींवरील अट उठवून नव्हे, तर पत्नींनाही ती लागू करून. प्रमुख हेतूचा नियम अखेर जून १९९७ मध्ये रद्द झाला. २०१२ मध्ये जोडीदाराला आणू इच्छिणाऱ्यासाठी वार्षिक १८,६०० पौंड किमान उत्पन्नाची अट आली. एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंड करण्यात आली. विवाहाच्या खरेपणाची चौकशी चालूच राहिली. मात्र हेतूच्या जागी वेतनपत्रक आले. स्थळ पारखताना मिळकत विचारणाऱ्या वधूपित्याला जी व्यवहारबुद्धी लोभी म्हणून हिणवली गेली होती, तीच शासनाने स्वतःच्या नियमात लिहून घेतली.

स्थलांतरितांच्या साहित्याच्या समीक्षेने होमी भाभा यांच्या ‘द लोकेशन ऑफ कल्चर’ (१९९४) या ग्रंथानंतर ‘मधल्या अवकाशा’ला नवनिर्मितीचे क्षेत्र मानले. ही भूमिका फलदायी ठरली आहे. परंतु ज्या काळात ती सिद्ध होत होती, त्याच काळात अनेक दांपत्यांसाठी मधला अवकाश म्हणजे उच्चायुक्तालयाच्या तारखांमधले अंतर होते. मुलाखतीचे टिपण, नकाराचे पत्र आणि पुराव्यादाखल जोडलेला पत्रव्यवहार हेही दोन देशांमधल्या जीवनाचे लेखन आहे. कथा-कादंबरीतील स्थलांतरित विवाहाचे वाचन या कागदांशेजारी ठेवून केले, तर पात्रांच्या अबोलपणाचा आणि अतिरिक्त स्पष्टीकरणांचा अर्थ बदलतो. तो केवळ स्वभावचित्रणाचा भाग राहत नाही. आपले बोलणे कोणीतरी तपासणार आहे, या जाणिवेने घडलेली ती भाषा असते.