संशोधनासाठी संगणक घेताना

गोव्याच्या मच्छीमारांना मिळणारे लाटांचे अंदाज हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेत, संगणकीय गणितातून सिद्ध होतात. असे गणित करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न कार्यप्रणालीचा असतो, आणि तो जवळपास सुटलेलाच आहे. हैदराबाद आयआयटीतील ८३८ टेराफ्लॉप्स क्षमतेचा ‘परम सेवा’ लिनक्सवर चालतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील अग्रगण्य पाचशे महासंगणकही लिनक्सवरच आहेत. आज्ञावली अखेरीस जेथे चालवावयाची, तीच प्रणाली आपल्या टेबलावर असणे श्रेयस्कर. मात्र तिचे आयुष्य तपासावे. संशोधन संस्थांत रूढ असलेल्या ‘सेंटओएस ७’ची देखभाल ३० जून २०२४ रोजी थांबली, रॉकी व अल्मा लिनक्स हे तिचे आजचे पर्याय.

प्रोसेसरची निवड अधिक अवघड. सागर व हवामानाच्या प्रतिमानांत कोअर कितीही वाढविले, तरी मेमरीतून आकडे वेळेवर न आल्यास ते रिकामे बसतात. म्हणून मेमरीच्या वाहिन्या अधिक असलेले झिऑन वा एपिक प्रोसेसर येथे सरस ठरतात. खेळांसाठीचे ग्राफिक्स कार्ड स्वस्त खरे. परंतु ६४ बिटांच्या अचूकतेने गणित करताना त्याचा वेग बहुधा बत्तिसाव्या किंवा चौसष्टाव्या हिश्शावर येतो. जाहिरातीत हे सहसा छापलेले नसते! ईसीसी मेमरीवरील खर्चही टाळू नये. आठवडाभर चाललेल्या गणनेत एखादा बिट उलटला, तर उत्तर चुकते आणि कोणाला कळतही नाही. खरेदीपूर्वी विक्रेत्याच्या यंत्रावर स्वतःची आज्ञावली तासभर चालवून पाहावी.