रांगेतली मेटॅलिका

मार्च 1985, सॅन फ्रान्सिस्को. जपानटाउनमधल्या काबुकी थिएटरबाहेरच्या रांगेत तुम्ही मध्येच कुठेतरी उभे आहात. पुढच्या मुलाच्या बाह्या कापलेल्या डेनिम जॅकेटवर बँडच्या नावांचे इतके पॅच शिवलेत की मूळ कापड दिसायला जागा नाही. मागच्याच्या हातात बुटांचं खोकं आहे आणि त्यात कॅसेटी. टपालाने आलेल्या, एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा उतरवून घेतलेल्या. मेटॅलिकाचा 1982 चा 'नो लाइफ टिल लेदर' हा डेमो असाच गावोगाव पोहोचला. पहिला अल्बम निघायच्या आधीच ही गाणी या पोरांना पाठ होती. म्हणून हा बँड त्यांना आपला वाटतो, आणि म्हणूनच आज ते भांडतायत.

भांडण 'फेड टू ब्लॅक'वरून आहे. मागच्या जुलैत आलेल्या 'राइड द लायटनिंग'मधलं ते चौथं गाणं. ॲकूस्टिक गिटारने सुरू होतं, जवळजवळ सात मिनिटं चालतं आणि बराच वेळ घाईला येतच नाही. पॅचवाल्याला हे सहन होत नाही. 1983 च्या 'किल 'एम ऑल'मध्ये श्वास घ्यायला उसंत नव्हती, तीच तर मजा होती, असं त्याचं म्हणणं. आता हे हळवं गाणं कशाला? रेडिओवर लागावं म्हणून? खोकंवाला म्हणतो, शेवटचा सोलो नीट ऐकलास का? पॅचवाला ऐकून घेत नाही. विकले गेले, एवढंच तो म्हणतो, आणि ते म्हणताना त्याचा आवाज चिरकतो. घराण्याची शिस्त मोडली म्हणून रंगलेले वाद ज्या मराठी कानांनी ऐकलेत, त्यांना या आवाजातली कळकळ लगेच ओळखू येईल. त्याला हसू नका. दोन वर्षांपूर्वी त्याला जे सापडलं ते हातातून निसटतंय, असं त्याला मनापासून वाटतंय.

आत दिवे मालवतात. क्लिफ बर्टन बेलबॉटम घालून मंचावर येतो, बास गिटारला डिस्टॉर्शन लावतो आणि मान झुगारत वाजवायला लागतो. इतर बँडांत बास मागे उभा राहतो, याचा पुढे धावतो. हा आवाज कानात साठवून ठेवा. पुढे लागेल.

27 सप्टेंबर 1986 च्या पहाटे स्वीडनमध्ये, युंगबीजवळच्या रस्त्यावर बँडची बस उलटली आणि क्लिफ गेला. वय 24. तिथे मी तुम्हाला थांबवत नाही.

थेट 1988 च्या सप्टेंबरात या. कुणाच्या तरी झोपायच्या खोलीत, जमिनीवर चौघं बसलेत आणि तबकडीवर '...अँड जस्टिस फॉर ऑल' फिरतेय. नऊ गाणी, पासष्ट मिनिटं, एकेका गाण्यात अनेक वळणं. गिटार कोरडी आणि धारदार, ड्रमचा प्रत्येक ठोका ठक्क असा समोर. एक जण उठून ॲम्प्लिफायरचं बासचं बटण पिळतो. आणखी पिळतो. स्पीकरला कान लावतो. काही नाही. नवा बासिस्ट जेसन न्यूस्टेड वाजवतोय, अल्बमवर त्याचं नाव आहे, पण त्याचं वाजवणं ऐकूच येत नाही. मिक्स करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसनने पुढे जाहीरपणे सांगितलं की बास खाली घ्यायला ड्रमर लार्स उलरिकने लावलं होतं. खोलीतल्या चौघांना हे माहीत नाही. त्यांना एवढंच कळतं की खाली जमीन नाही.

या खोलीतली तक्रार काबुकीबाहेरच्या तक्रारीसारखी दिसते, पण तिची जात वेगळी आहे. पॅचवाला निष्ठेबद्दल बोलत होता: तुम्ही कोण होतात, कोण झालात, आमचे राहिलात का. हे चौघं कानाबद्दल बोलतायत: इथे एक वाद्य आहे आणि ते ऐकू येत नाही. मेटॅलिकाच्या चार दशकांच्या वादात या दोन तक्रारी सतत एकमेकींचे कपडे घालून फिरतात. त्या वेगळ्या करता आल्या, तर निष्ठेची तक्रार बहुतेक वेळा चुकलेली निघते आणि कानाची बहुतेक वेळा बरोबर. पुढच्या प्रवासात हेच तपासत चला.

3 ऑगस्ट 1991, न्यू यॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. हजारो लोक फुकट आत आलेत आणि मंचावर बँड नाही. अजून बाजारात न आलेला, पुढे 'ब्लॅक अल्बम' म्हणून ओळखला जाणारा अल्बम मोठ्या स्पीकरांवर ऐकवला जातोय, तो ऐकायला ही गर्दी. बाहेरच्या रांगेत तुम्ही एक नाव पुन्हा पुन्हा ऐकलंत: बॉब रॉक. हा या अल्बमचा निर्माता, आणि मॉटली क्रूच्या 'डॉ. फीलगुड'चाही. केस फुगवून, लिपस्टिक लावून वाजवणाऱ्या बँडांना मेटॅलिकासारखे वेगवान थ्रॅश मेटलवाले पोझर, म्हणजे दिखाऊ, म्हणत आले, आणि आता त्यांचाच माणूस आपल्या घरात.

मग 'सॅड बट ट्रू' सुरू होतं. गिटारी पूर्ण एक स्वर खाली उतरवून लावलेल्या. वेग जवळजवळ निम्मा, वजन दुप्पट. आणि तुमच्या छातीत काहीतरी थरथरतं: बास! न्यूस्टेड ऐकू येतोय. 1988 च्या खोलीत ज्याची मागणी झाली होती ते या पोझरवाल्या माणसाने आणून दिलं. शेजारचा मुलगा हातांची घडी घालून उभा आहे. गाणी आखूड झाली, म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण 'जस्टिस'च्या दौऱ्यात दहा मिनिटांचं शीर्षकगीत वाजवताना समोरची माणसं कंटाळलेली वादकांनी स्वतः पाहिली होती. मोठ्या स्टेडियममध्ये वेगवान रिफांचा नुसता गलबला होतो. संथ, रुंद रिफ शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. आवाज बदलला तो पैशासाठीच, असं म्हणणाऱ्याने एकदा तरी शेवटच्या खुर्चीत बसून पाहावं.

'नथिंग एल्स मॅटर्स' लागतं, मायकेल केमनने बांधलेल्या वाद्यवृंदासह. घडी घातलेला मुलगा मान फिरवतो. थोड्याच दिवसांत अल्बम बाजारात येईल आणि पहिल्या सात दिवसांत अमेरिकेत त्याच्या 5,98,000 प्रती खपतील. मुलासाठी हा आकडा म्हणजे आरोपाचा पुरावा. मला त्यात पुरावा दिसत नाही. खप आवाजाबद्दल काहीच सांगत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

जून 1996. रेकॉर्डच्या दुकानात 'लोड'ची पुस्तिका उघडून लोक उभे आहेत आणि गाण्यांबद्दल अजून कुणी बोलतच नाही. केस कापलेत! आंतोन कॉर्बाइनच्या फोटोंत डोळ्यांना काजळ! थ्रॅशच्या जगात केस म्हणजे शपथ होती, म्हणून हा धक्का खरा आहे. पण कात्रीने रिफ कापला जात नाही. मुखपृष्ठ, फोटो, त्या उन्हाळ्यात लॉलापलूझा महोत्सवात वाजवणं, या गदारोळात 'ब्लीडिंग मी' ऐकायचं राहून गेलं. आठ मिनिटं हळूहळू पेटत जाणारं ते गाणं बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्डच्या उत्तम गाण्यांपैकी आहे, असं मी ठामपणे म्हणतो. कानाची तक्रार इथेही होती, फक्त ती फारशी ऐकू आली नाही: चौदा गाणी फार झाली. सीडी इतकी काठोकाठ भरली की 'द आउटलॉ टॉर्न' हे शेवटचं गाणं तिच्यात मावावं म्हणून शेपटाकडून छाटावं लागलं. चार गाणी गाळली असती तर ते पूर्ण वाजलं असतं.

2003 चा 'सेंट अँगर' मी लवकर ओलांडतो, कारण तिथे वाद फारसा नाही. स्नेअर ड्रमच्या तारा सैल सोडल्यामुळे प्रत्येक ठोका पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, गिटारचा सोलो एकही नाही. मोडलेल्या घराचं ते प्रामाणिक ध्वनिमुद्रण आहे: न्यूस्टेड सोडून गेलेला, हेटफील्ड व्यसनमुक्तीतून परतलेला. पण प्रामाणिक असलं म्हणून पंच्याहत्तर मिनिटं ऐकवत नाही.

2008 चा सप्टेंबर जास्त महत्त्वाचा. 'डेथ मॅग्नेटिक' आलाय, निर्माता रिक रुबिन. सोलो परतले, लांब गाणी परतली, वेग परतला. काबुकीच्या रांगेला हवं होतं ते सगळं. तरी चाहते नाराज, कारण आवाज इतका चढवून दाबलाय की ड्रम फाटतात आणि हळू व मोठा यांतला फरकच उरत नाही. हे चाहते घरी बसून लहरींचे आलेख काढतात. 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये हीच गाणी स्वच्छ वाजतात, हे त्यांनी शोधून काढलं. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनीही सांगितलं की गाणी त्यांच्या हाती आली तेव्हाच दाबलेली होती. पुन्हा मिक्स करा, असा अर्ज हजारोंनी सह्या करून पाठवला. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर क्षण वाटतो. इथे कुणी 'विकले गेले' म्हणत नाही. लोक कान देऊन ऐकतायत, मोजतायत आणि बँडला सांगतायत की तुम्ही चांगलं वाजवलंय, ते आम्हाला ऐकू द्या.

आता जवळ या. 30 ऑक्टोबर 2011, बंगळूर, पॅलेस ग्राउंड्स. दोन दिवसांपूर्वी दिल्लीजवळचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला, त्यामुळे हा मेटॅलिकाचा भारतातला पहिलाच प्रयोग. रांगेत मराठी ऐकू येतं. पुण्याहून रात्रभर बसने आलेली पोरं, काळे टी-शर्ट घामाने आणखी काळे.

"ब्लॅक अल्बमनंतर संपला रे बँड."

"मग 'नथिंग एल्स मॅटर्स'ला रडणार नाहीस ना आज?"

"ते वेगळं. ते जुनं आहे."

"आणि 'लुलू'?"

"त्याचं नावच काढू नको."

लू रीडबरोबर केलेला 'लुलू' उद्यापरवा बाजारात येतोय. सगळ्यांनी आधीच ऐकलाय आणि सगळे चिडलेत. तेवढ्यात तिसरा, आतापर्यंत गप्प असलेला, शांतपणे निकाल देतो: "खरी मेटॅलिका म्हणजे 'फेड टू ब्लॅक'. तिथून पुढे उतरणच." तुमच्या कानांत पॅचवाल्याचा चिरकणारा आवाज घुमतो. काबुकीबाहेर ज्या गाण्याने निष्ठा मोडली, त्याच गाण्यावर बंगळुरात निष्ठेची शपथ घेतली जाते. या मुलाला तुम्ही काही सांगत नाही. त्याचं गाण्यावरचं प्रेम खोटं नाही. आत 'नथिंग एल्स मॅटर्स'चे पहिले स्वर येतात आणि तिघंही, उतरण म्हणणारा धरून, घसा फोडून गातात.

2018 मध्ये 'जस्टिस' नव्याने निघाला. आवाज साफ केला, मिक्स बदलला नाही. तीस वर्षांनीही बास तिथेच, खाली. तो त्या काळाचा दस्तऐवज आहे, तसाच राहू द्या, अशी बँडची भूमिका. न्यूस्टेड ऐकू यावा म्हणून चाहत्यांनी आपापल्या घरी बासचा भाग वाजवून, चढवून कितीतरी आवृत्त्या तयार केल्या आहेत. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2019 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या चेस सेंटरमध्ये मेटॅलिकाबरोबर वाजवणाऱ्या सिंफनी वाद्यवृंदाचे प्रमुख बासवादक स्कॉट पिंगल एकटेच पुढे आले आणि त्यांनी क्लिफचा 'ॲनेस्थेशिया' वाजवला, उभ्या इलेक्ट्रिक बासवर, डिस्टॉर्शनसकट. काबुकीत कानात साठवलेला आवाज तुम्हाला पहिल्या काही सेकंदांतच सापडतो. हजारो लोक उभे राहतात. बासची भूक किती जुनी आहे, ते त्या आरोळीत ऐकू येतं.

शेवटची रांग ॲमस्टरडॅमची, एप्रिल 2023. योहान क्रायफ अरेनात दोन रात्री, मंच मैदानाच्या मधोमध गोल, आणि पहिल्या रात्रीचं एकही गाणं दुसऱ्या रात्री नाही. मग भांडण ठरलेलंच: एकच तिकीट परवडत असेल तर रात्र कुठली? कोणत्या रात्री जुनं जास्त, कोणत्या रात्री नुकत्याच आलेल्या '72 सीझन्स'मधलं जास्त? पन्नाशीतला एक डच माणूस आणि विशीतली एक मुलगी हातवारे करून बोलतायत. आदल्या वर्षी 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत वाजलेल्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मुळे ती इथवर आली, आणि तो तिला 'लोड' ऐकायला सांगतोय. होय, 'लोड'! ती विचारते, 'जस्टिस'मध्ये बास का नाही? इतक्या रांगा तुम्ही गप्प राहून ऐकल्यात. आता तुम्ही पुढे सरकता आणि 1988 च्या त्या खोलीपासून सांगायला सुरुवात करता.