एका गुणाचा इतिहास: बुलढाण्याचा प्रथमेश आणि शेवटचा बाण

मागच्या भागात आपण शिवकाळात होतो. आज फार मागे जायचं नाहीये, फक्त 2023 सालापर्यंत. तुम्ही म्हणाल, हा कसला इतिहास? पण ऐका तर खरं. कारण ही गोष्ट आपल्या बुलढाण्याच्या पोराची आहे, आणि ती आपल्याकडे जेवढी सांगितली जायला हवी होती, तेवढी सांगितली गेली नाही.

20 मे 2023, शनिवार. चीनमधलं शांघाय. तिरंदाजी विश्वचषकाच्या दुसऱ्या टप्प्यातली पुरुष कंपाऊंड गटाची फायनल. एका बाजूला नेदरलँड्सचा माईक श्लोसर. जगात पहिल्या क्रमांकाचा, 2013 चा विश्वविजेता. त्याला लोक ‘मिस्टर परफेक्ट’ म्हणतात, कारण त्याचा बाण सहसा चुकतच नाही. आणि समोर कोण? 19 वर्षांचा प्रथमेश जवकार. ज्या जिल्ह्याच्या मुख्य गावात आजही रेल्वे येत नाही, गाडी पकडायला मलकापूर नाहीतर शेगाव गाठावं लागतं, तिथला पोरगा.

आता जरा खेळ समजून घेऊ, नाहीतर पुढची मजा कळणार नाही. कंपाऊंड म्हणजे ज्या धनुष्याच्या टोकांना चाकं असतात ते. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलिस ॲलन नावाच्या माणसाने 1960 च्या दशकात ते बनवलं. चाकांमुळे दोरी पूर्ण ओढली की हातावरचा भार एकदम कमी होतो, त्यामुळे नेम स्थिर धरता येतो. म्हणूनच इथे चुकीला माफी नाही. लक्ष्य 50 मीटरवर, म्हणजे क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तेवढं लांब. दहा गुणांचं वर्तुळ फक्त 8 सेंटिमीटरचं, आपल्या घरातल्या छोट्या वाटीच्या तोंडाएवढं. प्रत्येकाला 15 बाण, एका बाणाला 20 सेकंद. जास्तीत जास्त गुण 150.

आणि त्या दिवशी निकाल लागला 149–148.

याचा अर्थ बघा. पंधरा बाणांत प्रथमेशचा फक्त एक गुण गेला. श्लोसरचे दोन गेले. बस्स, एवढाच फरक. जगातल्या पहिल्या नंबरला बुलढाण्याने एका गुणाने हरवलं. त्याच दिवशी त्याच मैदानावर नागपूरचा ओजस देवतळे आणि ज्योती सुरेखा यांनी मिश्र दुहेरीत कोरियाला हरवलं, तेही 156–155 असं एकाच गुणाने. पुढे ऑगस्टमध्ये बर्लिनला ओजस विश्वविजेता झाला, 150–149. साताऱ्याची अदिती स्वामीही त्याच स्पर्धेत विश्वविजेती झाली. महाराष्ट्राच्या तिरंदाजीचं ते सोन्याचं वर्ष होतं.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी हा भाग केलाच नसता.

सप्टेंबर 2023. मेक्सिकोतलं हर्मोसिलो. वर्षभरातल्या निवडक तिरंदाजांची विश्वचषक अंतिम स्पर्धा. सेमीफायनलला पुन्हा समोर श्लोसर! या वेळी श्लोसरने 149 मारले. एवढ्यावर कोणीही जिंकावं. पण प्रथमेशने पंधराच्या पंधरा बाण दहामध्ये घातले. 150–149. पुन्हा एक गुण.

फायनलला डेन्मार्कचा मथायस फुलर्टन. पंधरा बाण झाले आणि गुण झाले 148–148. बरोबरी! अशा वेळी शूटऑफ होतो. प्रत्येकी एकच बाण. फुलर्टनचा बाण दहामध्ये. प्रथमेशचाही दहामध्ये. मग ठरवायचं कसं? तर मध्यबिंदूच्या जास्त जवळ कोणाचा बाण आहे ते बघून. फुलर्टनचा जवळ निघाला. प्रथमेशला रौप्य.

म्हणजे गुण सारखे, शेवटचा बाणही सारखा, आणि तरी एक जिंकला, एक हरला.

इथे मला आपल्याकडची पोरं आठवतात. पहाटे पाचला चिखली रोडला धावणारी, पोलीस भरतीची तयारी करणारी, अभ्यासिकेत रात्र काढणारी. ‘एका मार्काने गेलं रे’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय, किती जणांनी स्वतः म्हटलंय! मग गावात लोक विचारतात, ‘झालं का सिलेक्शन?’ आणि नाही म्हटलं की सगळी मेहनत शून्य धरतात. मला सांगा, हर्मोसिलोत प्रथमेशची मेहनत शांघायपेक्षा कमी होती का? उलट सेमीफायनलला तो एकही बाण चुकला नव्हता. ‘मेहनत केली की जिंकतोच’ असं सांगणारे अर्धंच सांगतात. मेहनतीने तुम्ही त्या शेवटच्या बाणापर्यंत पोचता. पुढचं कधी तुमच्या बाजूने जातं, कधी नाही.

प्रथमेशने त्यानंतर काय केलं? महिन्याभराच्या आत, 5 ऑक्टोबरला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि ओजससोबत तो सांघिक फायनलला उभा राहिला. कोरियाविरुद्ध 235–230. सुवर्ण! या वेळी एक नाही, चांगले पाच गुण.

मग हे नाव घरोघरी का नाही पोचलं? एक कारण म्हणजे ऑलिंपिक. कंपाऊंड तिथे आजवर नव्हतंच. 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये ते पहिल्यांदा येतंय, तेही फक्त मिश्र दुहेरीत. ऑलिंपिक नसलेल्या खेळाकडे आपलं लक्षच जात नाही.

तर मंडळी, पुढच्या वेळी कोणी विचारलं की बुलढाण्यात काय आहे, तर लोणारचं सरोवर सांगा, सिंदखेड राजा सांगा, शेगाव सांगा. आणि हो, 149–148 पण सांगा.

भेटू पुढच्या भागात. तोवर, तुमचं काही एका मार्काने राहिलं असेल तर कमेंटमध्ये नक्की लिहा. मी वाचतो.