सर्वत्र अध्यापनाचा अधिकार

ज्ञानाला देशाच्या सीमा नसतात, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ज्ञान देणारा शिक्षक आपले प्रमाणपत्र घेऊन शेजारच्या देशात जातो, तेव्हा त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा त्याच्या ज्ञानाविषयी नसतो. ते प्रमाणपत्र कोणी दिले, हा असतो. युरोपखंडात हा प्रश्न निदान आठशे वर्षांचा आहे, आणि त्याला तेथे वेळोवेळी जी उत्तरे दिली गेली त्यांचा इतिहास बोधप्रद आहे.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस व बोलोन्या येथील विद्यापीठे आकारास येत होती. विद्यापीठ म्हणजे त्या काळी इमारत नव्हे, तर संघ. पॅरिसमध्ये तो अध्यापकांचा होता, बोलोन्यात विद्यार्थ्यांचा. शिकविण्याचा परवाना मात्र ह्या संघाच्या हाती नव्हता. पॅरिसमध्ये तो नोत्र दाम ह्या मुख्य चर्चचा चॅन्सेलर देई. बोलोन्यात १२१९ सालापासून तो अधिकार तेथील आर्चडीकनकडे आला. परवान्यासाठी पैसे मागण्याची वाईट चाल पडली होती. म्हणून ११७९ साली लॅटरन येथे भरलेल्या तिसऱ्या धर्मपरिषदेने असे ठरविले की, परवान्याबद्दल द्रव्य घेऊ नये आणि योग्य माणसास तो नाकारू नये. १२१५ साली पॅरिसचे नियम लेखी झाले. कलाशाखेत शिकविणाऱ्याचे वय निदान २१ वर्षे आणि अध्ययन सहा वर्षांचे असावे. धर्मशास्त्र शिकविणाऱ्याचे वय ३५ असावे, असे त्यांत नमूद आहे.

हा परवाना ज्या गावी मिळाला त्या गावापुरता. तो दुसऱ्या राज्यात चालावा, ही कल्पना पुढे आली ती एका वेगळ्याच कारणाने. दक्षिण फ्रान्समधील पाखंडी मानल्या गेलेल्या पंथाविरुद्धचे युद्ध १२२९ साली तहाने संपले, आणि पराभूत झालेल्या तुलूझच्या काउंटवर एक विलक्षण अट लादण्यात आली. चौदा अध्यापकांच्या दहा वर्षांच्या वेतनासाठी त्याने ४,००० मार्क द्यावेत, अशी ती अट होती. धर्मनिष्ठ विद्वान तेथे बसवून त्या प्रदेशातील पाखंड निपटून काढावे, हा हेतू उघड होता. पण तुलूझसारख्या अपरिचित ठिकाणी शिकून विद्यार्थ्याने पुढे करावयाचे काय? तेव्हा १२३३ साली नववा ग्रेगरी ह्या पोपने आज्ञापत्र काढले की, तुलूझ येथे परीक्षा होऊन ज्याला परवाना मिळाला, त्याने पुन्हा कोठेही परीक्षा न देता सर्वत्र शिकवावे. लॅटिनमध्ये ह्या अधिकारास ‘यूस उबिक्वे दोसेंदी’ असे नाव पडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ह्या अधिकाराची गरज नव्या विद्यापीठांना होती, जुन्यांना नव्हती. पॅरिस किंवा बोलोन्या येथील अध्यापकाचा आदर त्याच्या विद्यापीठाच्या नावानेच होई. स्पेनमधील सालामांका विद्यापीठास १२५५ साली हा अधिकार मिळाला, त्या वेळी पॅरिस आणि बोलोन्या ही दोन ठिकाणे त्यातून वगळण्यात आली. म्हणजे ‘सर्वत्र’ ह्या शब्दातही दोन दारे बंदच राहिली. पुढे हा अधिकार असणे हेच थोर विद्यापीठाचे लक्षण ठरू लागले, तेव्हा बोलोन्याने १२९१ साली आणि पॅरिसने १२९२ साली तो पोपकडून घेतला. ऑक्सफर्डसाठी मात्र इंग्लंडच्या पहिल्या व दुसऱ्या एडवर्ड राजांनी मागणी करूनही तो मिळाला नाही.

तथापि आज्ञापत्र निघाले म्हणून व्यवहार बदलला असे नाही. पॅरिसचे अध्यापक ऑक्सफर्डच्या पदवीधरांस परीक्षेवाचून आपल्यात घेत नसत, आणि ऑक्सफर्डनेही पॅरिसकरांना तशीच वागणूक दिली. परवाना देणारा एक आणि संघात घेणारा दुसरा, हे ह्याचे मूळ होय. खुद्द टॉमस अक्वायनसचे उदाहरण प्रसिद्ध आहे. इटलीतून आलेल्या ह्या भिक्षूला पॅरिसमध्ये १२५६ साली परवाना मिळाला. पण भिक्षुसंघांशी वैर धरलेल्या तेथील अध्यापकांनी त्याला आपल्यात घेतले ते १२५७ साली, तेही पोपच्या दडपणाने. त्याच्या विद्वत्तेविषयी वाद नव्हता. वाद होता तो अध्यासने कोणाच्या हाती राहावीत ह्याचा.

असे असूनही मध्ययुगीन अध्यापक देशोदेशी फिरू शकला, ह्याचे श्रेय पोपच्या मोहोरेइतकेच लॅटिन भाषेस आहे. शिकविण्याची भाषा एक आणि ग्रंथही तेच. ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र, जस्टिनियनची रोमन कायद्याची संहिता आणि गॅलेनचे वैद्यक सर्वत्र चालत. त्यामुळे परक्या माणसाची योग्यता ओळखणे कठीण नव्हते. आपल्याकडे संस्कृतने हेच कार्य केले. सोळाव्या शतकात रामेश्वरभट्ट पैठणहून काशीस गेले आणि त्यांच्या घराण्याने तेथे पिढ्यान्‌पिढ्या अध्यापन केले. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट ह्याच घराण्यातले. दूरदेशीच्या पंडिताची पारख विद्वत्सभेत शास्त्रार्थाने होई. मोहोरेची तेथे गरज नव्हती.

सोळाव्या शतकात युरोपातील धर्मैक्य भंगले आणि पोपच्या आज्ञापत्राचा अंमल निम्म्या खंडावरून उठला. हळूहळू लॅटिनची जागा देशभाषांनी घेतली. पुढे शिक्षण हे राज्याचे कार्य झाले. प्रशियाने १८१० साली माध्यमिक शाळांच्या शिक्षकांसाठी सरकारी परीक्षा सुरू केली. ह्यामुळे शिक्षकाचा दर्जा वाढला, त्याची निवड गुणांवर होऊ लागली. परंतु त्याच वेळी तो राज्याचा सेवक बनला आणि राज्याचा सेवक म्हणजे त्या राज्याचा नागरिक, हा अर्थ त्याला चिकटला.

हा अर्थ सुटण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. १९५७ च्या रोम येथील कराराने सहा देशांतील कामकऱ्यांना परस्परांच्या देशांत जाण्याची मोकळीक दिली. मात्र सरकारी सेवा त्यातून वगळली. मग शिक्षक कोणत्या बाजूचा? जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका ब्रिटिश स्त्रीला, ती जर्मन नागरिक नाही एवढ्याच कारणाने, शिक्षकाच्या उमेदवारीत प्रवेश नाकारला गेला. लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने १९८६ साली निर्णय दिला की, उमेदवार शिक्षक हाही कामकरीच होय आणि नागरिकत्वाची अट त्याला लावता येणार नाही. फ्रान्समधील माध्यमिक शिक्षकांच्या परीक्षेबाबत एका जर्मन स्त्रीच्या खटल्यात १९९१ साली तेच तत्त्व लागू झाले.

उरला प्रमाणपत्राचा प्रश्न. त्याचे उत्तर डिसेंबर १९८८ च्या युरोपीय निर्देशात आहे. निदान तीन वर्षांच्या उच्च शिक्षणानंतर मिळालेली व्यावसायिक पदविका केवळ परकी म्हणून नाकारता येणार नाही, असे त्याने ठरविले. दोन देशांच्या शिक्षणक्रमांत मोठे अंतर असेल, तर अर्जदाराने देखरेखीखाली काही काळ काम करावे किंवा परीक्षा द्यावी. आणि ह्यांपैकी काय करावयाचे, ते बहुधा त्यानेच निवडावे. २००५ च्या निर्देशानेही हीच दिशा कायम ठेवली.

भाषेचे कोडे मात्र शिल्लक राहिले. डब्लिनमध्ये चित्रकला शिकविणाऱ्या एका डच शिक्षिकेला आयरिश भाषेच्या परीक्षेत अपयश आल्यामुळे कायम नेमणूक नाकारण्यात आली. वस्तुतः तिचे अध्यापन बव्हंशी इंग्रजीतून चाले. १९८९ साली न्यायालयाने ही अट मान्य केली. राष्ट्रभाषेच्या संवर्धनात शिक्षकाचा वाटा असतो, म्हणून राज्याने अशी अपेक्षा ठेवणे रास्त आहे. पण ती प्रमाणाबाहेर नसावी आणि ती भाषा त्याच देशात शिकलेली असावी असा आग्रह धरू नये, असे न्यायालयाने बजावले.

ही व्यवस्थाही कायमची मानता येत नाही. ब्रिटन २०२० साली युरोपीय संघाबाहेर पडला, आणि त्या वर्षाच्या अखेरीनंतर ह्या निर्देशाचा आधार ब्रिटिश शिक्षकांना उरला नाही. त्यांचे शिक्षण रातोरात कमी झाले नव्हते. बदलला होता तो दोन सत्तांमधील करार.

आलेल्या माणसाची पारख करण्याचा अधिकार यजमान देशास असतोच, आणि तो असावाही. कारण त्याची मुले त्या शिक्षकाच्या हाती सोपवावयाची असतात. ती पारख शिक्षकाच्या विद्येची आहे की केवळ दार लावण्याचे निमित्त आहे, एवढे पाहणे मात्र अवश्य आहे. तेराव्या शतकात पॅरिस व ऑक्सफर्ड ह्यांनी हा विवेक फारसा केला नाही. १९८८ च्या निर्देशाचे मोल ह्यात आहे की, शिक्षणक्रमांतील फरक दाखविल्याखेरीज शेजारच्या शिक्षकाला पुन्हा परीक्षेस बसविण्याचा अधिकार त्याने ठेवला नाही.