तापीकाठच्या वायरमनची पेटी

वायरमनची पेटी उघडली की तो कोणत्या काळात धंद्यात आला हे लगेच कळतं. तळाशी गिरमिट आणि टेस्टिंग लॅम्प निघाला तर तो माझ्या पिढीचा. पिवळं डिजिटल मीटर असेल तर पुढच्या पिढीचा. बॅटरीवरचं ड्रिल असेल तर तो मला आप्पा म्हणणारा.

मी शहाद्याचा. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला, त्याआधी आम्ही धुळ्याचे. कागदपत्रांना धुळं, स्वस्त मालाला सुरत आणि ‘कंपनीच्या’ मालाला नाशिक, अशी आमची विभागणी होती. कोणत्या कंपनीचं हत्यार चांगलं यावरून चहाच्या टपरीवर खूप वाद झाले. पण खरा निकाल लावला तो एसटीने आणि सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीने. दुरुस्तीला नेऊन परत आणता येईल तेच हत्यार आमच्याकडे टिकलं.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 चं. तापीकाठी पाण्याच्या मोटारी बसू लागल्या तेव्हाच्या वायरमनकडे मीटर नावाची वस्तू नव्हती. त्याच्याकडे असायचा टेस्टिंग लॅम्प: होल्डर, बल्ब आणि दोन वायरींची उघडी टोकं. घरात एक बल्ब पुरे. मोटारीच्या स्टार्टरवर दोन फेजांमध्ये चारशेच्या वर व्होल्टेज, तिथे एकटा बल्ब फुटायचा, म्हणून सारख्या वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये. बल्ब मंद लागला की व्होल्टेज कमी. एका जोडीवर लागला आणि दुसरीवर नाही, तर फेज गेला, डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे चला. लॅम्प लोड घेतो, त्यामुळे नुसत्या गळतीच्या करंटला फसत नाही. टेस्टर फसतो. त्यातल्या निऑनला पेटायला जेमतेम करंट लागतो, न्यूट्रल तुटलाय हे तो सांगत नाही आणि मे महिन्यात भर दुपारी उसाच्या बांधावर तो पेटलाय की नाही हेच दिसत नाही. डाव्या हाताची ओंजळ वर धरून, डोळा बारीक करून बघावं लागायचं. तरी टेस्टर खिशातून गेला नाही, आणि तो चांगला हवा असेल तर तापडियाचाच. तापडिया कंपनी नाशिकच्या सातपूरची, सुरुवातीला स्वीडिश तंत्राच्या मदतीने उभी राहिलेली. तिची आठ इंची पक्कड माझ्याकडे अजून आहे. लाल मूठ दोनदा बदलली, जबडा तोच.

मेगर, म्हणजे वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, ही मात्र वायरमनची नव्हे, ठेकेदाराची वस्तू. एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स या विलायती कंपनीने 1903 साली हे नाव नोंदवलं. आमच्याकडे कोणत्याही कंपनीचं असलं तरी ते मेगरच. लाकडी किंवा बेकेलाइटची जड पेटी, बाजूला हँडल. मिनिटाला साधारण 160 फेऱ्यांच्या वेगाने फिरवलं की क्लच निसटल्याचं हाताला जाणवतं आणि 500 व्होल्ट स्थिर मिळतात. घराच्या फिटिंगला हिशोब ठरलेला: 50 ला पॉइंटांच्या संख्येने भागा, निदान तेवढे मेगओहम आले पाहिजेत. पंचवीस पॉइंटांच्या घराला दोन. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर लाकडी पट्टीचं वायरिंग असलं की काटा शून्याकडे झुकायचा. टेस्ट रिपोर्टचा कागद मात्र हँडलला हात न लावताही भरला जायचा, हे धंद्यातल्या कुणालाही विचारा. म्हणून कंपनीवरून भांडणाऱ्यांचं मला हसू येतं. न फिरवलेला मेगर सगळ्या कंपन्यांचा सारखाच.

मल्टिमीटर आम्ही पहिल्यांदा आयटीआयत पाहिला. मास्तर ‘अ‍ॅव्हो’ म्हणायचे. डोनाल्ड मॅकॅडी नावाच्या ब्रिटिश पोस्टातल्या इंजिनिअरने 1923 च्या सुमारास अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एका डब्यात आणले, त्यावरून ते नाव. पण टेबलावरचा मीटर मोटवानेचा होता. या कंपनीचा इतिहास मला भारी वाटतो. 1909 साली सिंधमधल्या सक्करला ग्यानचंद मोटवाने यांनी सुरू केलेला धंदा पुढे मुंबईला आला, ‘शिकागो रेडिओ’ नावाने काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवू लागला, आणि तेच घराणं पुढे नाशिकरोडला मीटर बनवू लागलं. गांधीजींचा आवाज ज्यांच्या कर्ण्यांतून ऐकू आला, त्यांच्याच काट्यावर आम्ही ओहम शिकलो.

त्यानंतर आली रिषभ. नरेंद्र गोलिया यांनी 1982 साली नाशिकलाच काढलेली. तिच्या डिजिटल मीटरमध्ये एक गोष्ट मला फार आवडली. अँपिअरवर बटण असेल तरच अँपिअरचं भोक उघडतं, एरवी आतून झडप बंद. ज्याने करंट मोजून लाल पिन तिथेच विसरलेल्या पोराला व्होल्टेज बघताना पाहिलंय, त्याला या झडपेची किंमत कळते. मीटर म्हणजे त्या क्षणी निव्वळ शॉर्ट. ठिणगी, काळी बोटं, आणि नशीब असेल तर तेवढंच.

पण पोरांनी घेतलं ते पिवळं. सुरतेहून गाडीने पिशव्या भरून आलेलं, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं चिनी मीटर. घरातलं स्विच, रेडिओ, चार्जर यांना ते ठीक. डीपीखाली ते घेऊन उभं राहायचं धाडस मी करणार नाही. महागड्या मीटरवर कॅट थ्री, कॅट फोर असं छापलेलं असतं. लाइनवर अचानक उसळलेलं व्होल्टेज मीटर कितपत झेलेल, हे त्यावरून समजतं. पिवळ्यावरही कधीकधी तसं छापलेलं असतं. छापायला काय, छापखाना सुरतेतही आहे.

ड्रिलची गोष्ट निराळी. मुलुंडच्या रॅलिवुल्फची आणि शिरोळच्या केपीटीची मशिनं आम्ही ठेकेदारांकडे पाहिली, नंतर सगळीकडे बॉशचं निळं झालं. पण डोंगरात, धडगाव-अक्कलकुव्याकडे ड्रिलचा उपयोग काय? वायरिंग आधी, विजेचा मीटर नंतर. घरात वीजच नाही तर प्लग कुठे लावणार? आणि भिंत कुठली, कूड. बांबूच्या कामट्यांवर माती-शेणाचा लेप. त्यात गिट्टी ठोकली तर भिंत कोसळेल. बोर्ड बसायचा सागाच्या खांबावर, त्याला गिरमिट. 2005 नंतर राजीव गांधी विद्युतीकरण आलं, 2017 ला सौभाग्य आली, तरी वरच्या पाड्यांवर गिरमिटच चालायचं. लिथियमची बॅटरी हाताशी आली तेव्हा कुठे ते पेटीच्या तळाशी गेलं. आता पोरं विचारतात, आप्पा, कोणत्या कंपनीचं घेऊ? मी म्हणतो, ज्याची बॅटरी तुझ्या ग्राइंडरलाही बसेल ते घे. रंग नंतर बघ.

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर ड्रिल नको, टोंग टेस्टर घे, हे माझं ठाम मत. आमच्याकडे निम्मा धंदा मोटारींचा. “लाइट उनी, पण मोटर गुणगुणस,” असा शेतकऱ्याचा फोन येतो. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीला प्रत्येक फेजवर साधारण साडेसात अँपिअर हवेत. वायर न सोडता टोंगाच्या जबड्यात धरली की तिन्ही आकडे समोर येतात, आणि एक शून्य निघाला की दोष मोटारीचा की लाइनचा हे भांडण मिटलं. जुन्या काट्याच्या टोंगावर एवढा कमी करंट नीट दिसायचा नाही. मग वायरीचे जबड्यातून दोन फेर घ्यायचे आणि आकडा निम्मा करायचा.

शिवाय ड्रिल दिवसाच्या भाड्याने मिळतं. मीटर उसना घेऊ नये. कालच एका पोराने कुणाचा तरी आणला, चांगल्या कंपनीचा, बिलासकट. मी मागचे स्क्रू काढायला लावले. फ्यूजच्या जागी तांब्याचा एक केस पिळून बसवला होता.