वचनाला जागलेली शाखा

नागरी स्वातंत्र्याचा इतिहास म्हटला की राज्यघटनेची कलमे, न्यायालयांचे निकाल आणि थोर पुढाऱ्यांची भाषणे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु घटनेचे कलम आपल्या पायांनी तुरुंगाच्या दारापर्यंत चालत जात नाही. त्यासाठी कोणीतरी कैद्याची भेट घ्यावी लागते, जामिनाची रक्कम उभी करावी लागते, कागदपत्रे तयार करावी लागतात आणि लोकांचे शिव्याशाप मुकाट्याने सोसावे लागतात. अमेरिकेतील एका प्रांतिक नागरी स्वातंत्र्य संघटनेत असे काम करणाऱ्या माणसांची हकिगत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही संघटना १९२० साली न्यूयॉर्क येथे स्थापन झाली. रॉजर बाल्डविन हे तिचे संस्थापक व सूत्रधार. पुढे राज्याराज्यांतून तिच्या शाखा निघाल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांचा १९३४ चा संप चिरडला जात असताना उत्तर कॅलिफोर्नियाची शाखा उभी राहिली. १९३५ मध्ये एर्नेस्ट बेसिग हे कायद्याचे पदवीधर तिचे संचालक झाले आणि १९७१ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. एपिस्कोपल पंथाचे बिशप एडवर्ड पार्सन्स यांनी शाखेचे अध्यक्षपद भूषविले. कचेरी लहान होती आणि हाताशी माणसे मोजकीच होती.

या शाखेची खरी कसोटी लागली ती युद्धकाळात. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्यानंतर १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ काढला. आदेशात कोणत्याही वंशाचे नाव नव्हते. तथापि त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १ लक्ष २० हजार लोकांना घरादारांतून उठवून काटेरी कुंपणाच्या छावण्यांत नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. त्यांच्यावर कसला आरोप ठेवला नव्हता, की कोणी त्यांची चौकशी केली नव्हती.

ओकलंड येथे जन्मलेला फ्रेड कोरेमात्सु हा तेवीस वर्षांचा वेल्डर. त्याच्या आईवडिलांची फुलझाडांची रोपवाटिका होती. हुकूम झाला तरी तो गेला नाही, म्हणून ३० मे १९४२ रोजी त्याला अटक झाली. वर्तमानपत्रात ही बातमी वाचून बेसिग तुरुंगात त्याला भेटावयास गेले आणि या आदेशाला न्यायालयात आव्हान देण्याची तयारी आहे काय, असे त्यांनी त्याला विचारले. कोरेमात्सुने होकार दिला. बेसिग यांनी पाच हजार डॉलरांचा जामीन भरला. तरीही लष्करी पोलिसांनी त्या तरुणाला मोकळे सोडले नाही. त्याची रवानगी तानफोरान येथे झाली. ते घोड्यांच्या शर्यतीचे मैदान होते आणि तेथील तबेल्यांतून माणसे ठेवली होती.

आणि नेमक्या याच वेळी न्यूयॉर्कच्या मुख्यालयाने हात आखडता घेतला. संघटनेच्या राष्ट्रीय मंडळातील अनेकांना रूझवेल्ट यांच्याविषयी आदर होता, आणि युद्धकाळात सरकारला आडवे जाणे त्यांना प्रशस्त वाटत नव्हते. जून १९४२ मध्ये मंडळाने बहुमताने ठरविले की, लष्करी क्षेत्रातून लोकांना हलविण्याच्या सरकारच्या मूळ अधिकारालाच आव्हान देऊ नये. बेसिग यांना या खटल्यातून अंग काढून घेण्यास सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही. आपल्या अशिलाला आपण शब्द दिला आहे, मध्येच त्याला वाऱ्यावर सोडता येणार नाही, अशी त्यांची व त्यांच्या शाखेची भूमिका होती. वेन कॉलिन्स या तापट पण निष्ठावान वकिलाने खटला पुढे चालविला. स्वातंत्र्याचे रक्षण हेच ब्रीद असलेल्या संघटनेतही, वेळ आली तेव्हा, ब्रीद कोणी सांभाळावयाचे हा प्रश्न अखेर दोघातिघांच्या निर्धारावर येऊन ठेपला.

निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. १८ डिसेंबर १९४४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कोरेमात्सुची शिक्षा कायम केली. भिन्न मत नोंदविणाऱ्या तिघा न्यायमूर्तींत फ्रँक मर्फी होते. ते कॅथोलिक होते आणि त्यांची नेमणूक खुद्द रूझवेल्ट यांनीच केली होती. या हुकुमाच्या मुळाशी वंशद्वेष आहे, असे त्यांनी निर्भीडपणे लिहून ठेवले.

दरम्यान ट्यूल लेक येथील छावणीत एक तुरुंगातला तुरुंग उभा राहिला होता. तेथे कित्येकांना आरोपाशिवाय महिनोन्‌महिने डांबून ठेवले होते. जुलै १९४४ मध्ये बेसिग तेथे पोहोचले. त्यांच्या मुलाखतींच्या वेळी पहारेकरी समोर उभे राहिले. परतताना त्यांच्या मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीत कोणीतरी मीठ ओतल्याचे आढळले. पुढे कॉलिन्स यांनी देहोपस्थितीचा अर्ज करण्याची तंबी दिली, तेव्हा ऑगस्टमध्ये तो कोंडवाडा रिकामा झाला. छावण्यांतील भीतीच्या व संतापाच्या वातावरणात पाच हजारांहून अधिक लोकांनी अमेरिकन नागरिकत्वाचा त्याग केला होता. ते त्यांना परत मिळवून देण्यासाठी कॉलिन्स यांनी १९४५ मध्ये दावे दाखल केले. प्रत्येकाची कैफियत वेगळी, प्रत्येकाचे प्रतिज्ञापत्र वेगळे. हे काम संपावयास १९६८ साल उजाडले. बहुतेकांना नागरिकत्व परत मिळाले. एका वकिलाच्या आयुष्याची तेवीस वर्षे त्यात खर्ची पडली.

सरकारने १९४४ मध्ये न्यायालयापासून महत्त्वाची माहिती दडवून ठेवल्याचे पुरावे पुढे संशोधकांच्या हाती लागले. तेव्हा तरुण वकिलांच्या एका गटाने, ज्यांतील अनेकांचे आईवडील त्या छावण्यांत राहिले होते, खटला पुन्हा उभा केला. १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे न्यायाधीश मॅरिलिन पटेल यांनी कोरेमात्सुची शिक्षा रद्द केली. १९८८ च्या कायद्याने देशाने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक छावणीवासीयास वीस हजार डॉलर देऊ केले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९४४ चा तो निकाल मुळातच चुकीचा होता, असे म्हटले. परंतु ज्या निकालपत्रात हे म्हटले, त्याच निकालपत्राने काही देशांच्या नागरिकांवरील प्रवेशबंदी कायम राखली.

ही कथा आपल्याला परकी वाटू नये. १९३६ साली पंडित नेहरूंच्या पुढाकाराने मुंबईतच इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियनची स्थापना झाली. रवींद्रनाथ टागोर तिचे अध्यक्ष होते. १९७५ मध्ये आणीबाणी पुकारणारे सरकार मात्र नेहरूंच्याच कन्येचे होते. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले, तेव्हा न्यायमूर्ती खन्ना यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले. त्याच वर्षी जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने नागरी स्वातंत्र्याची नवी संघटना निघाली आणि सासवडच्या मातीतील न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी तिची धुरा वाहिली. आपल्याकडील तो निकालही २०१७ मध्ये चुकीचा ठरविण्यात आला. दोन्ही देशांत न्यायालयांना आपली वाट सुधारावयास चार दशके वा त्याहून अधिक काळ लागला.

एवढ्या काळात कितीतरी माणसे न्यायाची वाट पाहता पाहता काळाच्या पडद्याआड गेली. वेन कॉलिन्स १९७४ मध्ये वारले. कोरेमात्सुची निर्दोष मुक्तता त्यांना पाहावयास मिळाली नाही. बेसिग यांना मात्र तो दिवस पाहण्याचे भाग्य लाभले. उशिरा आलेल्या न्यायाचे श्रेय आपण सहजच शेवटच्या न्यायाधीशाला देतो. आम्हांला वाटते, त्यातला मोठा वाटा त्या मूठभर माणसांचा आहे, ज्यांनी पराभव समोर दिसत असताना कागद नीट लिहिले, नीट जपले, आणि तुरुंगातील एका अनोळखी तरुणाला दिलेला शब्द पाळला. भय आणि संशय यांनी शेजारी शेजाऱ्याला पारखा होतो, असे दिवस कोणत्याही देशावर येऊ शकतात. तेव्हा आपल्या गावात, आपल्या वस्तीत अशी दोनचार माणसे असतील काय, एवढाच प्रश्न या इतिहासाने आपल्यापुढे ठेवला आहे.